एकशे अठरा ठोके

सारिका फडतरे धावायला लागली की ओळखीची माणसं तिच्या शेजारून चालत चालत आपलं दळण कधी मिळेल ते विचारून घ्यायची. तीही न थांबता सगळ्यांना नीट उत्तरं द्यायची. बाजरीचं दुपारी न्या, भाजणीला उद्या या, तुमच्या गव्हात खडे फार होते. असा तिचा वेग. साताऱ्याच्या पहाट धावक मंडळानं तिचं नाव ठेवलं होतं ‘मुक्कामाची गाडी’. दिवसभराच्या सगळ्या एस्ट्या येऊन गेल्या की अंधार पडल्यावर जी गावात शिरते आणि तिथंच झोपते, ती. हे नाव पडलं त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसला होता तो तिचा नवराच.

जयवंत फडतरे हा शाळेत खेळाचा मास्तर आणि मंडळही त्यानंच सुरू केलेलं. यवतेश्वराच्या घाटातली दौड त्यानं आपल्या वयोगटात नऊ वेळा जिंकली होती. वीस वर्षं तो सारिकाला सांगत होता, "पाय उचल गं, रस्त्याला इस्त्री करतीयस काय?" आणि वीस वर्षं सारिका तशीच धावत होती. तिला कुणाच्या पुढं जायचंच नव्हतं. तिचे वडील गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभ्याउभ्या कोसळले तेव्हा अवघे एकोणपन्नास वर्षांचे होते. गिरणी तिच्याकडं आली आणि त्याबरोबर डॉक्टरांचा सल्लाही आला, की तुमच्या घराण्यात काळीज कच्चं आहे, रोज घाम काढत जा. तेव्हापासून ती घाम काढत होती. स्पर्धेला नाव द्यायची ते टी-शर्ट बरा मिळतो म्हणून.

आणि काळजानं दगा दिला तो जयवंतला.

दोन हजार त्रेचाळीसच्या पावसाळ्यात साताऱ्यात तापाची साथ आली. बहुतेकांची चार दिवस अंग दुखून सुटका झाली. जयवंतचाही ताप उतरला, पण जाता जाता तो विषाणू त्याच्या हृदयाचा स्नायू कुरतडून गेला. निरोगी हृदय दर ठोक्याला आपल्यातलं साठेक टक्के रक्त बाहेर ढकलतं. जयवंतचं एकोणीस टक्के ढकलत होतं. घाट पळत चढणारा माणूस आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या ओट्यापर्यंत यायला दोनदा बसायचा. मंडळातली माणसं भेटायला आली की उशीला टेकून मोठमोठ्या गप्पा मारायचा आणि ती गेली की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. सारिकाला ते बघवायचं नाही. ती उगाचच भांडी घासत बसायची.

माहुलीच्या रस्त्याला त्याच वर्षी कृष्णाकाठ हृदय केंद्र सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टर नसीमा बागवान मूळच्या कोरेगावच्या, शिकलेल्या परदेशात, आणि बोलायला एकदम सरळ. त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून सगळं समजावलं.

"माणूस बराच वेळ पण सावकाश धावला, तर त्याचे स्नायू रक्तात बारीक बारीक पिशव्या सोडतात. इतक्या बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. त्या पिशव्यांत एक निरोप असतो. शरीरात कुठं काही फाटलं असेल तर सांधा, असा. नेमानं धावणाऱ्याचं हृदय चांगलं राहतं, त्यात या निरोपांचा मोठा वाटा आहे. आम्ही त्यांना सांधकण म्हणतो. ते धावणाऱ्याच्या रक्तातून गाळून आजाऱ्याच्या रक्तात सोडले, तर त्याच्याही हृदयाला निरोप पोचतो. जे स्नायू मेले ते मेले. पण जे नुसते दमून गप्प बसलेत, ते परत कामाला लागतात."

"मग कारखान्यात करा की तयार," जयवंत म्हणाला.

"करून बघितलं सर. पिशवी बनवता येते, आतला निरोप लिहिता येत नाही. तो जिवंत स्नायूच लिहितो. आणि धावणं थांबलं की पाऊण तासात पुसूनही टाकतो. म्हणून धावून झालं की माणसानं तडक आमच्या खुर्चीत येऊन बसायचं. यंत्र एका हातातून रक्त घेतं, सांधकण चाळून ठेवतं आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातात परत देतं. एक दिवसाआड, चार महिने."

"धावायचं किती?"

"निदान दोन तास. आणि नाडी एकशे अठराच्या आसपास ठेवून. त्याच्या फार वर गेली की शरीराला वाटतं आपल्या मागं वाघ लागलाय. मग निरोपच बदलतो. ‘सांधा’च्या जागी ‘पळा’ असं लिहिलं जातं."

सारिकाला हे चटकन कळलं ते गिरणीमुळं. चक्की घट्ट आवळून जोरात दळलं की पीठ लवकर पडतं, पण हाताला चटका लागतो आणि त्याची भाकरी थापताना तुटते. "म्हणजे पीठ करपू द्यायचं नाही," ती म्हणाली. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, की मी पुढच्या वेळी असंच सांगेन.

मंडळातल्या अठरा जणांनी चाचणी दिली. सगळे जयवंतच्या तालमीत तयार झालेले, शेजारून कुणी पुढं गेलं की पाय आपोआप सुटायचे आणि नाडी दीडशेला भिडायची. चौदा जण तिथंच बाद झाले. उरलेल्या चौघांच्या रक्ताच्या खुणा जयवंतशी जुळेनात. सारिकाला पुण्याच्या प्रयोगशाळेत यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर दोन तास धावायला लावलं. तिची नाडी एकशे सतरा, एकशे अठरा, एकशे एकोणीस, याच्या पलीकडं हललीच नाही. एका पूर्ण मात्रेला तीस अंक सांधकण लागतात, तिचे अठ्ठावन्न भरले. वर रक्ताच्या पाचही खुणा जयवंतशी जुळल्या. लग्नाच्या वेळी पत्रिका दाखवली होती तेव्हा छत्तीसपैकी एकोणीस गुण जुळले होते, आणि सासूबाईंनी ते वर्षभर ऐकवलं होतं.

भाद्रपदात सारिका धावू लागली. सदर बाजारातून निघायचं, माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्यानं पाच किलोमीटर जायचं आणि वळून केंद्राच्या फाटकाशी यायचं. आणखी चारजण दुसऱ्या रुग्णांसाठी धावायचे. जयवंत तिच्या आधी रिक्षानं केंद्रावर पोचायचा आणि फाटकाजवळच्या करंजाखाली बाकावर बसायचा. नुसतं बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यानं घरून पाण्याची कळशी आणि गुळाचा डबा आणला. उन्हातून धावत आलेल्या माणसाला गूळ-पाणी न देता आत कसं पाठवायचं? कापऱ्या हातानं तो एकेकाला गुळाचा खडा द्यायचा, वर तांब्याभर पाणी द्यायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचा, "जा, द्या माझ्या भावंडांना." सारिकाचा खडा तो जरा मोठा ठेवायचा. डॉक्टर बागवान गाडीतून उतरल्या की त्याही थांबायच्या, खडा तोंडात टाकायच्या आणि वर पाणी प्यायच्या. सगळ्या केंद्राचं ते लाडकं ठिकाण होऊन बसलं.

आत खुर्चीत बसलं की सिस्टर दरवेळी एकच विचारायच्या, "धावून झाल्यावर काही खाल्लं?"

"नाही," सारिका सांगायची. बाकीचे चौघेही तेच सांगायचे, आणि कुणी खोटं बोलत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिचे सांधकण भरले नऊ. दुसऱ्या खेपेला अकरा. मग आठ.

पुण्याहून माणूस आला, यंत्र उघडून बघितलं, एक भाग बदलला. पुन्हा नऊच. बाकी चौघांचीही तीच गत. पाणी तपासलं, नळ्या बदलल्या, रस्त्याच्या चढउताराचा नकाशा काढला. थोडं तर थोडं म्हणून तीच अर्धीमुर्धी मात्रा रुग्णांना जात राहिली. जयवंतनं मात्र आपलं निदान केव्हाच करून टाकलं होतं.

"तू फारच रेंगाळतीयस. जरा दम लागू दे की."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना एकशे अठरा."

"डॉक्टर कधी घाट चढलीय का? मी तीस वर्षं पोरं पळवलीत."

एका सकाळी तो रिक्षा घेऊन तिच्या मागं आला आणि मास्तरकीच्या जुन्या सवयीनं शेजारून ओरडत राहिला. पाय उचल, हात हलव, खांबापर्यंत पळ. सारिका पळाली. तिला वाटलं, असेलही त्याचं बरोबर, आणि समजा नसेल, तरी त्याच्या तोंडावर महिन्याभरानं थोडा रंग आलाय. त्या दिवशी तीन अंक भरले. घरी गेल्यावर दोघंही जेवली नाहीत.

"मी जाणार म्हणून एवढी घाबरतीस?" त्यानं संध्याकाळी विचारलं.

"हो," सारिका म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. जयवंतचं हृदय एकोणीसवरून वीसवर आलं होतं, म्हणजे जवळजवळ तिथंच होतं.

"शुक्रवारी समितीची बैठक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या खुणा आणखी एका रुग्णाशी जुळतात. नाव सांगायचं नसतं. चौतीस वर्षांची आहे, दोन लेकरं आहेत, बाळंतपणानंतर हृदय कमजोर झालंय. सरांना गुण येत नाही असं दिसतंय, तर तुमची मात्रा तिला द्यावी असं समितीचं म्हणणं पडेल. मला अडवता येईल असं वाटत नाही. खरं सांगायचं तर अडवावं का, तेही मला कळत नाहीये."

"आणि त्यांचं?"

"औषधं चालू ठेवू."

म्हणजे काय ते सारिकाला समजलं. ती बाहेर आली तेव्हा जयवंत बाकावर बसून कुणाला तरी पाणी देत होता. तिला त्या चौतीस वर्षांच्या बाईचा रागही येईना. लेकरं किती मोठी असतील, हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं, की कुणी काही म्हणो, मी माझ्या नवऱ्यासाठीच धावणार. हे दोन्ही विचार एकाच मनात कसे राहतात याचा तिला स्वतःलाच अचंबा वाटला.

दुसरा दिवस संकष्टीचा. गिरणीवर ननावरे मावशी उपासाची भाजणी घेऊन आल्या. वय पंचाहत्तर, पण जिभेला अजून धार. सारिकाचा चेहरा बघून त्यांनी शेजारच्या टपरीवरून दोन चहा सांगितले आणि आपला कप फुंकून फुंकून पिऊ लागल्या.

"मावशी, उपास ना आज?"

"मग? कडक हाय माजा उपास. सकाळधरनं तोंडात कायबी घातलं न्हाई."

"आणि हा चहा?"

"च्या म्हंजी काय खाणं हाय व्हय गं?" मावशी खरोखरच बुचकळ्यात पडल्या. "हा तिसरा हाय."

सारिका हसली. मग तिचं हसू थांबलं. चक्कीतलं दळण संपून दगड नुसताच घरघरू लागला तरी तिचं लक्ष जाईना, शेवटी मावशींनीच उठून बटण बंद केलं. धावून झाल्यावर काही खाल्लं? नाही. गूळ-पाणी म्हणजे काय खाणं असतं का? ते तर नुसतं देतात आणि आपण घेतो. घरी आलेला माणूससुद्धा, ‘मी तुमच्याकडं काही खाणार नाही हं’ असं बजावून गुळाचा खडा तोंडात टाकतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिला कुणी गूळ-पाणी दिलं नव्हतं. तिथं कुणी पाणीही विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल तिनं घरी येऊन पुणेकरांना नावं ठेवली होती.

तिनं जयवंतला काही सांगितलं नाही. खात्री नव्हती, आणि खात्री झाली तर कसं सांगायचं हेही ठरत नव्हतं. बैठक उद्यावर आली होती, त्या सकाळी ती नेहमीसारखी धावली. नाडी एकशे अठरा. फाटकाशी आली तेव्हा जयवंत बाकावरून उठून उभा राहिला होता. एका हातात खडा, दुसऱ्यात तांब्या. उभं राहण्यानंच त्याला धाप लागली होती.

"नको," ती म्हणाली.

"अगं, उन्हातनं आलीयस."

"नको म्हटलं ना."

साताऱ्यात पुढं केलेलं गूळ-पाणी असं कुणी परतवत नाही. त्याचा हात तसाच राहिला. "आता माझ्या हातचं पाणीपण नको झालं का?" त्यानं हळूच विचारलं. सारिकाला रडू फुटेल असं वाटलं. ती तशीच आत गेली आणि खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले.

पाऊण तासानं सिस्टरनी आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि डॉक्टरांना हाक मारली. चौसष्ट.

डॉक्टर बागवान धावत आल्या. "आज काय वेगळं केलंत?"

"गूळ-पाणी घेतलं नाही."

"कुठलं गूळ..." डॉक्टरांचं वाक्य तिथंच थांबलं. सकाळी घेतलेला खडा अजून त्यांच्या दाढेखाली असावा, कारण त्यांचा हात आपोआप गालाकडं गेला. मग त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"साखर पोटात गेली की शरीर इन्शुलिन सोडतं," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला. "धावून रिकामे झालेले स्नायू तर त्याची वाटच बघत असतात. ते पेशींना सांगतं, दारं उघडा, जे मिळेल ते आत घ्या. मग त्या साखरेबरोबर आपल्याच पिशव्याही गिळून टाकतात. दहा-बारा मिनिटांत मैदान साफ. मी हे शिकवलेलं आहे, सारिकाताई. मी यावर निबंध लिहिलाय. आणि रोज फाटकावर मीच पहिला खडा उचलत होते. मला कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं, काही खाल्लेलं नाही म्हणून."

"चौसष्ट म्हणजे किती मात्रा?" सारिकानं विचारलं. तिला एवढंच हवं होतं.

"दोन," डॉक्टर म्हणाल्या. "एक सरांची. एक त्या बाईची. उद्या समितीला मीच सांगते."

सारिका तेव्हा रडली. दोन्ही हातांना नळ्या लावलेल्या, त्यामुळं डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, सिस्टरनी पुसले.

बाहेर जयवंत रिक्षात जाऊन बसला होता. ती शेजारी बसली आणि सरळ सांगून टाकलं. आधी आकडा, मग कारण. मग त्यानं खाली उतरून कळशी उचलली, त्याला ती झेपली नाही, तेव्हा पायानंच लवंडून दिली. पाणी करंजाच्या मुळाशी गेलं.

"महिनाभर," तो म्हणाला. "माझंच औषध मी माझ्या हातानं मारलं. आणि त्या बाकीच्या चौघांचं."

"हात पुढं करणारी मीच होते की."

"तुला सावकाश जातीस म्हणून बोलत होतो." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "वीस वर्षं बोलत होतो. आणि बरोबर तूच होतीस. मला एवढं एकच काम उरलं होतं गं इथं. आता मी काय करू?"

"उद्यापासून इथंच बसायचं," सारिका म्हणाली. "आणि धावून आलेल्या एकाच्याही तोंडात काही जाऊ द्यायचं नाही. ते मला नाही जमणार, मी भिडस्त आहे. तुम्हाला ओरडता येतं."

जयवंतनं मान वर केली. शाळेतली शिट्टी त्यानं दुसऱ्याच दिवशी गळ्यात अडकवली. पाणी प्यायची परवानगी होती, तेवढं सोडून कुणी दाता फाटकातून आत येताना ओठ हलवताना दिसला तरी शिट्टी वाजायची. कंदी पेढ्यांचे पुडे घेऊन आलेल्या पाहुण्यांना तो पलीकडच्या रस्त्यावर उभं करायचा. एका दात्याच्या सासऱ्यानं खिशातून चिक्की काढली तेव्हा त्यानं ती जप्त केली आणि दुपारी डॉक्टरांना नेऊन दिली. सगळ्यांचे आकडे पन्नाशीच्या वर गेले. डॉक्टरांनी आपली चूक कागदावर नीट लिहून पुण्याला आणि पुढं जिथं जिथं अशी केंद्रं निघत होती तिथं पाठवली. त्यात एक ओळ होती, की ‘काही खाल्लं का’ असं न विचारता ‘तोंडात काय काय गेलं’ असं विचारावं. उत्तरं मग खरी येऊ लागली. भावनगरच्या केंद्रात चहा सापडला, मदुराईत ताक-साखर.

जयवंतचं हृदय दिवाळीला सव्वीसवर आलं. मार्गशीर्षात एकतीस. त्याची धाप कमी झाली तसा त्याचा आवाज वाढला, आणि एका रविवारी त्यानं मंडळातल्या सगळ्यांना केंद्रावर बोलावून घेतलं. चाचणीत बाद झालेले ते चौदाही त्यात होते.

"तुम्हाला पळायला मी शिकवलं," तो म्हणाला, "आणि चुकीचं शिकवलं असं मी म्हणत नाही. पदकाला ते बरोबर होतं. पण आत माणसं बसलीत वाट बघत. उद्यापासून हिच्या मागनं धावायचं. हिच्या पुढं जो जाईल त्यानं घरी जायचं."

पहिले पंधरा दिवस भारी गमतीचे गेले. घाट गाजवलेले गडी सारिकाच्या मागं दबकत दबकत धावत होते आणि शेजारून सायकलवरची शाळकरी पोरं त्यांना मागं टाकून जात होती. एकाला तर आपल्या बायकोनं बघू नये म्हणून वेगळा रस्ता हवा होता. सारिकानं त्यांना आपली युक्ती सांगितली. धावताना बोलत राहायचं, गिऱ्हाईकाला पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे, वाक्य तुटलं की समजायचं पीठ गरम झालं. महिनाभरात चौदापैकी अकरा जण एकशे अठरावर स्थिरावले. मग त्यांच्या बायका आल्या, मग दोन बँकवाले, एक भटजी, कोरेगावच्या तिघी अंगणवाडी सेविका. माघ संपेपर्यंत माहुलीच्या रस्त्यावर दर सकाळी चाळीसेक माणसं धावत धावत गप्पा मारताना दिसू लागली. नव्या माणसाला वाटावं, कुठल्याशा लग्नाला उशीर झालाय आणि कुणालाच त्याची काळजी नाही.

वाया गेलेला पहिला महिना सोडून माघातच चार महिने भरले. डॉक्टरांनी यंत्राचा पडदा जयवंतकडं वळवला आणि त्याला त्याचंच हृदय दाखवलं. शेहेचाळीस टक्के. साठ नव्हे, आणि साठ होणारही नव्हते, हेही त्यांनी सांगितलं. जयवंत पडद्याकडं बघत राहिला. सारिका त्याच्याकडं बघत राहिली. तिला आयुष्यात एवढा आनंद झाल्याचं आठवत नव्हतं. त्या दुसऱ्या बाईचं काय झालं, हे तिनं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "नाव सांगायचं नसतं. पण परवा ती धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढून आली."

जयवंतचं काम झालं म्हणून सारिका थांबली नाही. तिच्या खुणा म्हसवडच्या एकाशी जुळल्या, मग वडूजच्या एकीशी. ती गिरणी अकराला उघडायची, गिऱ्हाइकं कुरकुर करायची आणि थांबायची.

जयवंत परत शाळेत जाऊ लागला होता. पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर त्यानं डॉक्टरांकडं हट्ट धरला, की मलाही दान द्यायला धावायचंय. आधी त्या नाही म्हणाल्या. मग पट्ट्यावर चालवून बघितलं, मग धावायला लावलं, तीन महिने दर आठवड्याला तपासलं, आणि शेवटी म्हणाल्या, की सावकाश धावलात तर तुमच्याच हृदयाला बरं, चाचणीपुरतं करून बघू. तुमच्यात काही सापडेल अशी आशा धरू नका. अर्ध्या ताकदीचं इंजिन आहे.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण नवरा-बायको शेजारी शेजारी धावायची ही पहिलीच वेळ. एरवी सारिका निघेपर्यंत तो परत आलेला असायचा. पहाटेची थंडी होती, नदीवर धुकं होतं. पहिल्या किलोमीटरलाच त्याचे पाय सुटायला बघत होते. छातीवरचा पट्टा एकशे सव्वीस दाखवू लागला.

"हळू," सारिका म्हणाली.

"हळूच आहे की."

"मग सांगा, काल शाळेत काय झालं. पूर्ण वाक्यात."

तो सांगू लागला. सांगता सांगता एकशे वीसवर आला, मग एकशे अठरावर. पूल ओलांडला. मागून मंडळातले लोक आले, पण कुणी पुढं गेलं नाही, सगळे मागंच राहिले आणि शाळेतली ती गोष्ट ऐकू लागले. कोरेगावच्या रस्त्याला ऊन वर आलं. बोलून बोलून जयवंतचा विषय संपला तेव्हा सारिकानं गिरणीतल्या गिऱ्हाइकांचे किस्से काढले. दोन तास आणि अकरा मिनिटांनी ते केंद्राच्या फाटकाशी आले. जयवंतला घाम फुटला होता आणि धाप अशी लागली नव्हती.

दोघं शेजारच्या खुर्च्यांवर बसली. चार हात, चार नळ्या. सारिकाचे एकसष्ट भरले, त्यात नवीन काही नव्हतं. सगळे जयवंतच्या यंत्राकडं बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते. आकडा हळूहळू चढला. अठरा. बावीस. सत्तावीसला बराच वेळ थांबला. सारिकानं त्याचा हात धरायला बोटं पुढं केली, नळ्यांमुळं ती पोचली नाहीत. मग आकडा पुन्हा हलला आणि चौतीसवर थांबला.

डॉक्टर बागवानांनी यादी उघडली आणि खुणा लावून बघितल्या.

"एक मात्रा पूर्ण झाली सर. एकजण आहेत. अकरा आठवडे कुणी जुळत नव्हतं त्यांच्याशी. आत्ता शेजारच्या खोलीतच आहेत. पाठवू?"

जयवंतनं यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. ज्या हृदयाला उभं करायला त्याच्या बायकोला चार महिने रस्ता तुडवावा लागला होता, त्याच हृदयावर धावून आलेलं हे दान दुसऱ्याच्या छातीत जाणार होतं.

"पाठवा," तो म्हणाला. "आणि त्यांना सांगा, आम्ही परवा परत येतोय."